मागच्या सीटला दाखवलेलं शेत

ही गोष्ट संजयलाही माहीत नाही. संजय म्हणजे माझा नवरा, आणि त्याला माझं बहुतेक सगळं माहीत असतं, कारण मी बडबडी आहे. माझ्या पोटात काही राहत नाही — निदान असं सगळे समजतात, मी पण समजायचे. पण ही एक गोष्ट दोन वर्षं राहिलीय. आणि गंमत बघा, काही दुखतखुपत नाही. जेवण जातं, झोप लागते, ऑफिसात हसते-खिदळते. मग आज तुम्हालाच का सांगतेय? खरं सांगू — मला माझंच कुतूहल वाटायला लागलंय. अंगावर एखादा डाग उठावा, तो खाजत नाही, दुखत नाही, तरी आरशासमोर उभं राहून तोच बघत बसावंसं वाटावं, तसं काहीतरी.

थांबा. आधी सायकलचं सांगते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आणि सायकलचं सांगायला मला आवडतं, म्हणूनही तिथून सुरुवात करतेय. मुद्द्याला उशिरा पोचलेलं बरं वाटतं ना, तशातला प्रकार.

मी डोंबिवलीची, नोकरी ठाण्याला, एका विमा कंपनीत. लोकांनी केलेले दावे तपासणं हे माझं काम. गाडी खरंच ठोकली गेली का, पाणी खरंच दुकानात शिरलं का. इतकी वर्षं तेच करतेय, त्यामुळे खोटं बोलणारा माणूस मला फोनवर ओळखू येतो. तो नको तेवढं सांगतो. खरा माणूस म्हणतो, "मॅडम, पाणी आलं." खोटा माणूस म्हणतो, पाणी आलं तेव्हा मी निळा शर्ट घातलेला आणि समोरचा वाणी शटर ओढत होता. ऑफिसात माझी यावरून ख्याती आहे. नवीन पोरं माझ्याकडे शिकायला येतात. काय म्हणावं!

पन्नाशीला टेकले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी साखर काठावर आहे म्हणून सांगितलं आणि चाला म्हणाल्या. मला चालायचा मनस्वी कंटाळा. त्याच सुमाराला लेक शिकायला पुण्याला गेली आणि तिची सायकल बिल्डिंगखाली धूळ खात पडली. एका सकाळी मी ती पुसली, हवा भरून आणली, आणि कोणी बघत नाही असं पाहून टांग टाकली. बघत होतेच सगळे. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी वरून विचारलं, "मेधा, काय गं, या वयात शिंगं फुटली का?" मी उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला तोंड उघडलं असतं तर तोल गेला असता.

शाळेत असताना कल्याणला मी सायकलनेच जायचे. पारनाक्यापासून शाळेपर्यंत, ओढणी कमरेला बांधून, सुसाट. मग कॉलेज, नोकरी, लग्न, लेक — सायकल कधी सुटली ते आठवतसुद्धा नाही. सुटली म्हणून वाईट वाटल्याचंही आठवत नाही. आणि त्या सकाळी, भागशाळा मैदानाला एक चक्कर होईपर्यंत, पायांना सगळं आठवलं. वळताना आतला गुडघा थोडा बाहेर काढायची माझी जुनी सवय — तीसुद्धा! मी स्वतःशीच हसत सुटले. माणसाच्या आत असं काय काय पडून असतं, त्याला न विचारता? हा प्रश्न मला तेव्हा फार गोड वाटला होता. आता तितकासा वाटत नाही.

पुढे मी एका सायकल ग्रुपमध्ये शिरले. रविवारी पहाटे निघायचं, कधी खोणी, कधी टिटवाळा, येताना मिसळ. वजन काही उतरलं नाही, मिसळीमुळे. पण मजा यायला लागली. हा ग्रुप दर जानेवारीत डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत एक राइड काढतो, अंध मुलींच्या एका वसतिगृहासाठी. प्रत्येकाने आपापल्या ओळखीत देणग्या मागायच्या आणि सायकल चालवत जायचं. त्या वर्षी कोणीतरी कल्पना काढली की ज्यांच्यासाठी राइड, त्यांनाच घरी का बसवायचं? मग कुठूनशा टँडेम सायकली आल्या, आणि वसतिगृहातल्या मुलींखेरीज आसपासच्या अंध बायकांनाही बोलावलं. टँडेम म्हणजे दोन सीटची. पुढे एक, मागे एक, दोघांनी पॅडल मारायचं, पण हँडल आणि ब्रेक पुढच्याच्या हातात. ज्याला दिसत नाही तो मागे बसणार, दिसतं तो पुढे. पुढच्याला म्हणायचं कॅप्टन. कॅप्टन कोण कोण होणार, असं विचारल्यावर पहिला हात माझा वर. का? चांगलं दिसतं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

मला जोडीला मिळाल्या गुलाबताई.

गुलाबताई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. माहेर भिवंडीच्या बाजूला, खाडीकाठच्या एका गावात, आगरी घर. सासर कल्याणचं. काचबिंदूने नजर गेली ती चाळिशीत, त्यामुळे जग बघून झालेलं होतं त्यांचं. नवरा गेल्यावर मुलासोबत दिवा स्टेशनाजवळ भाड्याच्या खोलीत राहायच्या, अजून राहतात. मुलगा रिक्षा चालवतो, तोच आणून सोडायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा दंड चाचपला आणि म्हणाल्या, "काय गो बाय, तूच दमशील, मी नाय." खरं होतं ते. त्यांच्या पायांत माझ्या दुप्पट जोर. चढ आला की मागून असा रेटा यायचा की मी नुसतं हँडल धरून बसायचे.

आम्हाला शिकवलं होतं की कॅप्टनने सतत बोलत राहायचं. पुढे खड्डा, स्पीडब्रेकर, डावीकडे वळतोय, थांबतोय — मागच्याला अचानक काही लागू नये म्हणून. त्याला कॉमेंटरी म्हणायचे. आणि जमलं तर आजूबाजूचंही सांगा, त्यांनाही सहल वाटू दे, असं आमचा लीडर म्हणाला. एवढंच. त्याने काही सांगितलं नव्हतं की बनवून सांगा.

सुरुवात पुलावर झाली. मोठागावहून खाडीवर नवा पूल झालाय, त्याने पलीकडे माणकोलीला निघता येतं. आमच्या सरावाचा रस्ता तोच. गुलाबताईंनी मागून विचारलं, "खाडी भरलेली हाय का गो?" ओहोटी होती. खाली काळा चिखल, त्यात पिशव्या, थर्माकोल, एक फुटका सोफा. मी म्हटलं, "हो, भरलीय." का म्हटलं? मी पुष्कळ विचार केलाय यावर. कळवळा आला असं म्हणावं तर तसं काही आठवत नाही. चिखल, पिशव्या, सोफा एवढं सगळं सांगत बसायचा आळस — बहुतेक आळसच. पण मग त्या म्हणाल्या, "म्हणजे होड्या असतील." आणि मी म्हटलं, "आहेत ना, दोन." आणि मागून पॅडलवर असा काही जोर आला, सायकल अशी काही हलकी झाली, की मला ते आवडलं. फार आवडलं हो.

मग चटकच लागली. टँडेमवर एक असतं, दोघांची पॅडलं एकाच साखळीने जोडलेली. मागचीचा मूड तुम्हाला पायांत कळतो. मी होडी सांगितली की पाय उडायचे, टेम्पोच्या रांगा सांगितल्या की जड व्हायचे. मग कोण कशाला टेम्पो सांगेल? मी बगळे सांगायला लागले. चिंचेची झाडं सांगितली. डोक्यावर पाटी घेऊन चाललेल्या कोळणी सांगितल्या, त्यांच्या लुगड्यांचा रंगसुद्धा सांगितला. निळा शर्ट घातलेला माणूस आठवतो ना? तसंच. ऑफिसात मी ज्याला दोन मिनिटांत पकडलं असतं, तेच मी दर रविवारी करत होते, आणि मला ते जमतंय याचं मला केवढं कौतुक!

अजून एक गंमत सांगते. निम्मं तर मला बनवावंही लागायचं नाही. प्रश्नातच उत्तर असायचं त्यांच्या. "या दिवसांत भात पिवळं पडाया लागलं असंल ना, कडेकडेनं?" — मी फक्त म्हणायचं, "हो, कडेकडेने." भात कधी पिवळं पडतं हे मला डोंबिवलीत राहून काय ठाऊक! शेत त्यांचंच, रंग त्यांचाच, मी आपली हो म्हणणारी. एकदा मी चुकून ऑक्टोबरात हिरवंगार म्हणाले तर त्याच म्हणाल्या, "हिरवं कसं गो? उशिरा लावलं वाटतं त्यांनी." आणि पुढे जाऊन स्वतःच कारण शोधून दिलं. मला वाटायचं, माणूस आपल्याला हवं ते ऐकायला किती मदत करतो बघा. हे मी तेव्हा अगदी कौतुकाने मनात म्हणायचे. तटस्थपणे. जणू माझा त्यात काही हातच नाही.

आता येतेच मुद्द्याला. फार फिरवलं तुम्हाला.

एका रविवारी त्या म्हणाल्या, आज माझ्या गावात ने. रस्त्यापासून आत फार नव्हतं. गावदेवीचं देऊळ आहे, तिथून डाव्या हाताला वळलं की आमची खाचरं, बांधावर उंबर आहे बघ. माहेरी आता कोणी राहत नव्हतं, दोन्ही भाऊ कल्याणला फ्लॅटमध्ये. भाऊबीजेला गुलाबताई तिकडेच जायच्या. गावात पाय टाकून त्यांना चार-पाच वर्षं झाली होती. देवळाशी उतरलो. त्यांनी घंटा वाजवली, पायरीला हात लावला, आणि मला म्हणाल्या, चल आता शेत बघू. "बघू" म्हणाल्या. त्या नेहमी तसंच म्हणतात.

डाव्या हाताला वळलो. उंबर नव्हता. खाचरं नव्हती, बांध नव्हता. माणूसभर मातीचा भराव टाकून सगळं सपाट केलेलं, भोवती निळ्या पत्र्यांचं कंपाउंड, आत लोखंडी खांब उभे, अर्ध्यावर छप्पर चढलेलं. गोदाम. त्या बाजूला सगळीकडे गोदामंच आहेत, अलीकडे पलीकडे नुसते पत्रे, त्यातलंच हे एक, पण नवं. रविवार असल्यामुळे काम बंद होतं, कुठे हातोडीचासुद्धा आवाज नाही. गेटला एक पाटी — जागा म्हात्रे बंधूंच्या मालकीची आहे, आत येऊ नये. म्हात्रे हे गुलाबताईंचं माहेरचं आडनाव.

खाडीवरून वारा येत होता. मातीच्या ढिगाऱ्यावर एक बगळा बसला होता, तेवढा मात्र खरा.

त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. विचारलं, "आमचे शेतान भात हाय ना गो?"

मी म्हटलं, "आहे."

नुसतं आहे म्हणून थांबले असते तरी काही होतं. मी पुढे म्हटलं, लोंब्या धरल्यात. वाऱ्याने सगळं एका बाजूला झुकतंय. उंबराखाली बैल बांधलेत कोणीतरी. बैल! कोणी सांगितलं होतं बैल बांधायला? गुलाबताई हसल्या, डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, लोक सांगतात सगळीकडे गोदामं झाली, तुमचं पण गेलं म्हणतात. भाऊ म्हणतो, नाय ताई, आपलं हाय तसं हाय. लोकांना काय, जळतात. बरं झालं तुझ्या डोळ्यांनी बघितलं.

परत येताना सायकल नुसती पळत होती. मी खूश होते — हे सांगायलाच हवं. मला टोचणी वगैरे काही लागली नाही. एका बाईला मी तिचं शेत परत दिलं असंच वाटत होतं मला. संध्याकाळी संजयला म्हटलंसुद्धा, आज एक छान काम झालं. काय ते सांगितलं नाही. तेव्हा का नाही सांगितलं? म्हणजे कुठेतरी ठाऊक होतं. असणारच.

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतरचा रविवार. गुलाबताई मागे बसल्या होत्या, आम्ही पूल उतरून माणकोलीकडे लागलो होतो, आणि त्या बोलायला लागल्या. भाऊ म्हणतात, ताई आता हक्कसोड करून दे.

हे काय असतं ते आपल्याकडे बाईला सांगावं लागत नाही. बापाच्या जमिनीत मुलीचाही हिस्सा असतो, तो तिने भावांच्या नावाने लिहून सोडायचा. रजिस्ट्रारकडे जाऊन सही करायची, भाऊ साडी घेतो, वहिनी पुरणपोळी करते, आणि माहेरचं दार उघडं राहतं. मी स्वतः केलंय, कल्याणच्या घराचं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मी डोळे उघडे ठेवून केलं, काय सोडतेय ते बघून.

गुलाबताई म्हणाल्या — आणि हे त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात — "पिकवून खातात तर खाऊं दे गो. शेताचा काय, त्यात घामच जास्त. पण गोदाम उठवला असता ना, तर मी सही नसती दिली. माझा वाटा मागितला असता. माझे पोराला खोली नको? दिव्यान पाणी पण टँकरचा." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण तू बघून आलीस ना. भात हाय ना शेतान?"

माझे पाय थांबले. एक क्षण, अर्धा क्षण. टँडेमवर ते लपत नाही. मागून लगेच आवाज आला, "काय गो? खड्डा?"

रस्ता गुळगुळीत होता. नवा कोरा रस्ता.

मी म्हटलं, "हो. खड्डा होता."

तिथे होती बघा ती जागा. तिथे मी ब्रेक लावून, पाय टेकून, वळून सांगायचं होतं — गुलाबताई, शेत नाही. गोदाम आहे. पाटीवर तुमच्या भावांचं नाव आहे, सही देऊ नका. चार वाक्यं. समोर बसून, डोळ्यांत बघून सांगायचीही अडचण नव्हती, त्या मागे होत्या. मग काय आडवं आलं? मी भावांना घाबरले? मी त्यांना ओळखतही नव्हते. दुसऱ्यांच्या घरच्या भानगडीत कशाला पडा, असं वाटलं? नाही हो. असं वाटलं असतं तर आज ते तुम्हाला सांगायला किती बरं पडलं असतं.

मला वाटलं ते वेगळंच. शेत नाही म्हटलं की बैल गेले. बैल गेले की कोळणी गेल्या, बगळे गेले, होड्या गेल्या. तीन महिन्यांचे सगळे रविवार गेले. त्यांना कळलं असतं की पुढच्या सीटवर बसलेली ही बाई पहिल्या दिवसापासून त्यांना बनवतेय. आणि ग्रुपमध्ये मला केवढा मान होता तेव्हा! मेधाताई कशी छान कॉमेंटरी करतात, बाकीच्या कॅप्टनांनी शिका जरा — असं लीडर सगळ्यांसमोर म्हणाला होता. तो मान मला हवा होता. एका बाजूला एका विधवा बाईचं घर आणि दुसऱ्या बाजूला माझी कॉमेंटरी. मी कॉमेंटरी ठेवली.

पुढे त्याच म्हणाल्या, "मग देते सही. उगाच भावांवर संशय घेतला." मी पॅडल मारत राहिले.

सही व्हायला अजून दहा-बारा दिवस होते. फोन होता माझ्याकडे. त्यांच्या मुलाचा नंबर होता, तो दर रविवारी समोर उभा असायचा, चहा प्यायचो आम्ही एकत्र. दावे तपासणारी मी — मला काय बोलायचं ते नेमकं ठाऊक होतं. नुसतं म्हणायचं होतं, अरे, एकदा स्वतः गावात चक्कर मारून ये. माझं नावही आलं नसतं! म्हणजे माझी कॉमेंटरीसुद्धा वाचली असती कदाचित. हे मला सही झाल्यावर सुचलं. आधी का नाही सुचलं? की सुचलं होतं आणि मी बाजूला सारलं? प्रामाणिकपणे सांगते, मला आता ते आठवत नाही. मी फार खोदून बघितलंय, हाताला काही लागत नाही.

सही झाल्यानंतरच्या रविवारी त्या नवी साडी नेसून आल्या, सायकलवर बसायला साडी! वहिनीने घेतलेली, मोरपंखी असं वहिनीने सांगितलेलं. मला विचारलं, "रंग खराच मोरपंखी हाय ना?" होता. मी तपासून, नीट बघून सांगितलं. त्या वेळी मला खरं बोलायची केवढी हौस आली होती.

जानेवारीत राइड झाली. आम्ही दोघी कशेळीच्या पुलावरून ठाण्यात शिरलो तेव्हा रस्त्याच्या कडेला लोक टाळ्या वाजवत होते. देणग्या चांगल्या जमल्या, वसतिगृहाचं काम झालं, ते खोटं नाही. शेवटी मैदानावर छोटा कार्यक्रम होता. गुलाबताईंना माईक दिला. त्या म्हणाल्या, माझे डोळे गेले तेव्हा मना वाटला संपला सगळा, पण आता हिचे डोळे हायत. माझा हात वर धरला त्यांनी. लोक उभे राहिले. मी रडले, आणि लोकांना वाटलं भरून आलं.

खाली उतरल्यावर त्यांचा धाकटा भाऊ भेटायला आला. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, बोलायला अगदी मऊ. म्हणाला, "मॅडम, तुमच्यामुळे आमची ताई घराबाहेर पडली. लय उपकार." मग जरा जवळ येऊन म्हणाला, "तुम्ही आमच्या गावावरूनच येता ना सायकलने? ताई सांगत होती, शेत बघितलंत आमचं."

मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. मी म्हटलं, "हो. छान आहे गाव."

तो हसला. ओशाळा नव्हता, उद्धट नव्हता. ऑफिसात एखादा जुना एजंट हसतो ना, काम जमल्यासारखा, तसा. आणि हात जोडून गेला. त्या क्षणी मला त्याचा राग यायला हवा होता. तो आला असता तर मी जरा बरी ठरले असते. मला आली ती उत्सुकता — हा बहिणीला कोणत्या शब्दांत सांगत असेल? त्याला पण हिचे प्रश्न अर्धं काम करून देत असतील का?

तेव्हापासून आम्ही दर रविवारी जातो. हो, अजून. ग्रुपने एक टँडेम कायमची घेतली, ती आमच्याच ताब्यात असते. आता मी खाडीला ओहोटी असली तर ओहोटी सांगते. टेम्पो सांगते, कचरा सांगते, धूळ सांगते. गुलाबताई म्हणतात, अलीकडे फार वाईट झालं गो सगळं. मी त्यांच्या गावाच्या वळणावर मात्र पॅडल जोरात मारते, आणि त्या विचारत नाहीत. का विचारत नाहीत? कळलंय? मुलाने सांगितलं असेल? गोदाम काय लपून राहणारी वस्तू आहे, दोन वर्षांत कोणीतरी बोललंच असेल की. की त्यांना विचारायची गरजच वाटत नाही, कारण माझ्या तोंडून एकदा ऐकून झालंय? मी त्यांच्या पायांवरून अंदाज घ्यायला बघते. काही कळत नाही. पाय एका लयीत चाललेले असतात.

दिव्याची खोली अजून भाड्याचीच आहे. घरमालकाने गेल्या वर्षी बदलायला लावली, आता चौथ्या मजल्यावर गेलेत, लिफ्ट नाही. मुलाचं लग्न दोनदा जमता जमता मोडलं, जागेवरून.

गेल्या महिन्यात, दिवाळीनंतर, त्यांनी मुलाच्या हातून एक कापडी पिशवी आणवली आणि माझ्या हँडलला अडकवली. तांदूळ होता. दोन्ही भाऊ दर वर्षी पोतं पाठवतात, म्हणाल्या, घरच्या शेताचा. एवढा आम्हा दोघांना कशाला, तू पण खा. जुना कोलम मला वासावरून कळतो, मी तो वाण्याकडून दर महिन्याला आणते; हा तोच होता. पिशवी घेतली मी. थँक्यू म्हटलं. घरी येऊन धुतला, कुकर लावला, वर तूप घातलं. संजयने पहिला घास घेतला आणि म्हणाला, वा, काय मोकळा झालाय, कुठला गं हा?

त्याला मी काहीही सांगू शकले असते. वाण्याचा म्हटलं असतं तरी चाललं असतं, ते तर खरंच होतं. कोणी मागे बसलेलं नव्हतं, कोणाचं काही अडलेलं नव्हतं, कोणी माझं कौतुक करणार नव्हतं.

"गुलाबताईंच्या शेतातला," मी म्हटलं, आणि त्याला अजून वाढला.